पेत्राची बोली आणि आपले इंग्रजी



आज पेन्टेकॉस्टचा, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण. आजचे पहिले वाचन ज्याच्या वाट्याला येते त्याची आदल्या रात्री थोडी झोप उडते. पार्थी, मेदी, एलामी, फ्रुगिया, पंफुलिया अशी नावे एकामागून एक येतात आणि भल्याभल्या वाचकांची जीभ तिथे अडखळते. बाकांवरून कुणीतरी हळूच हसतेही. ज्या दिवशी ख्रिस्तसभा बोलू लागली, त्याच दिवसाचे वाचन करताना आपल्याला बोलण्याची भीती वाटावी, ही गंमतच म्हणायची. पण ही भीती आज आपण जरा जवळून पाहणार आहोत. कारण येत्या जून महिन्यात आपल्या धर्मग्रामातील काही मुलांचे भले व्हायचे की नाही, हे पुष्कळसे या भीतीवरच अवलंबून आहे.

यरुशलेममध्ये जमलेले लोक शिष्यांचे बोलणे ऐकून चकित झाले आणि हे बोलणारे सगळे गालिलातलेच ना, असे एकमेकांना विचारू लागले. वाचनातली ही ओळ आपण पटकन ओलांडून जातो. गालिल हा उत्तरेकडचा प्रांत, शेतकऱ्यांचा आणि कोळ्यांचा. तिथल्या माणसाने तोंड उघडले की राजधानीतल्या लोकांना तो कुठला आहे ते कळत असे. प्रभूला अटक झाली त्या रात्रीची आठवण करा. पेत्र मुख्य याजकाच्या अंगणात उभा होता. आपण येशूला ओळखत नाही असे तो शपथेवर सांगत होता आणि आजूबाजूचे लोक त्याला म्हणत होते की तुझ्या बोलण्यावरूनच तू कोण ते समजते. संत मत्तयने हे बारकाईने नोंदवले आहे. खोटे बोलण्यासाठी पेत्राने तोंड उघडले आणि त्याच्या बोलीनेच त्याला उघडे पाडले. बोललो की पकडले जाणार, अशी त्याची गत झाली.

पन्नासेक दिवसांनी तोच पेत्र त्याच शहरात हजारोंच्या जमावापुढे उभा राहिला. त्याच दिवशी सुमारे तीन हजार माणसांचा स्नानसंस्कार झाला. या पन्नास दिवसांत त्याची बोली सुधारली होती का? लोक तर अजूनही गालिली म्हणूनच ओळखत होते. पुढे चौथ्या अध्यायात मोठमोठे शास्त्री-पंडित पेत्र आणि योहान यांना पाहतात तेव्हाही ही माणसे शिकलेली नाहीत हे त्यांच्या ध्यानात येतेच. पवित्र आत्म्याने पेत्राचा उच्चार बदलला नाही. उच्चाराची लाज मात्र काढून घेतली.

आता आपल्या सभागृहाकडे वळू. शाळा सुरू झाल्या की तिसऱ्या सोमवारपासून पाचवी ते आठवीच्या मुलांचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग पुन्हा भरणार आहे. सोमवार ते गुरुवार, साडेसहा ते आठ. मुले भरपूर येतात, बसवणारे आणि शिकवणारे मोजकेच. म्हणून गेले दोन रविवार आम्ही आपल्या कॉलेजच्या मुलामुलींना मिस्सानंतर थांबवून विचारले. हीच मुले नाताळात रात्र रात्र जागून गोठा उभा करतात, सणाच्या दिवशी उन्हात उभे राहून गाड्या लावून देतात, कॉयरमध्ये गातात, कुणाच्या घरी मयत झाली तर खुर्च्या वाहतात. पण अभ्यासवर्गाचे नाव काढले की एकजण बुटाकडे पाहतो, दुसरी ओढणीचे टोक गुंडाळू लागते. मग हळूच उत्तर येते, "फादर, दुसरे काहीही सांगा. आमचे इंग्रजी कच्चे आहे. मुले हसतील."

मुले हसतील, हे कारण आपण उडवून लावता कामा नये. वीस वर्षांच्या तरुणाला दहा वर्षांच्या मुलाच्या हसण्याची भीती वाटते, ती काही उगाच नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात चांगले गुण मिळवलेली मुलगी अकरावीला सायन्सच्या वर्गात जाऊन बसते आणि पहिल्याच तासाला तिचा समद्विभुज त्रिकोण 'आयसॉसिलिस' होतो, लसावि 'एलसीएम' होतो. येते सगळे, पण नाव घेता येत नाही. प्रश्नाचे उत्तर ठाऊक असूनही हात वर होत नाही. दोन वर्षे अशी गप्प बसून काढली की आपण हुशार होतो हेच माणूस विसरतो. आपल्या कितीतरी मुलांनी हे सोसले आहे.

त्यांच्या आईवडिलांनी तर त्याहून अधिक. २००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधीच्या पिढीने ए, बी, सी, डी गिरवली ती पाचवीत. आपल्या वसईत तर घरी कादोडी किंवा वाडवळी, चर्चमध्ये आणि बाजारात मराठी, आणि शाळेत तिसरीच भाषा. या पिढीने पोटाला चिमटा घेऊन मुलांना इंग्रजी माध्यमात घातले, का तर आपल्यावर आली ती पाळी त्यांच्यावर येऊ नये. हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे घरात एक नवीच अडचण उभी राहिली. मुलाच्या वहीत बाईंनी इंग्रजीत शेरा लिहिला आहे, वडील त्याखाली सही करतात, आणि शेरा स्तुतीचा आहे की तक्रारीचा ते मुलालाच विचारतात. मुलगा काय सांगणार? अभ्यास घ्यायला घरात कोणी नाही, खाजगी क्लासची फी परवडत नाही. मग मुलगा शेजारच्याची वही आणून उतरवून काढतो. वही पूर्ण, अक्षर सुरेख, डोक्यात काहीच नाही. असा मुलगा सातवी-आठवीपर्यंत पुढे ढकलला जातो. आपण ढ आहोत असा त्याचा पक्का समज झालेला असतो. खरे तर त्याला भागाकार कळत नाही असे नसते. प्रश्न ज्या भाषेत विचारला ती कळत नसते.

अशा मुलाशेजारी बसायला कोण हवे? फाडफाड इंग्रजी बोलणारा मिळाला तर देवाचे आभार मानू. पण आमचा गेल्या वर्षीचा अनुभव वेगळे सांगतो. पाचवीतला एक मुलगा 'डिनॉमिनेटर' या शब्दापाशी आठवडाभर अडून बसला होता. मराठी शाळेत शिकलेल्या एका ताईने तो शब्द बाजूला ठेवला, कागदावर भाकरी काढली, तिचे चार तुकडे केले आणि विचारले, "आईने तुला यातले तीन दिले, तर तुला किती मिळाली?" अंश वर, छेद खाली, हे दहा मिनिटांत झाले. मग दोघांनी मिळून पुस्तक उघडले आणि छेदाला इंग्रजीत काय म्हणतात ते वाचले. तिचा उच्चारही पहिल्यांदा चुकला. दोघे हसले. ते हसणे काही भीतिदायक नव्हते.

विज्ञानाचेही तसेच. 'फोटोसिंथेसिस' म्हटले की मूल घाबरते. आता 'प्रकाशसंश्लेषण' म्हटल्याने ते कमी घाबरते असे नाही, हे आपण आपल्यातच कबूल करायला हरकत नाही. पण पान उन्हात आपले अन्न तयार करते, हे त्याला त्याच्या बोलीत सांगितले आणि वाडीतल्या केळीच्या पानाकडे बोट दाखवले, की दोन्ही शब्द त्याच्या कह्यात येतात. इंग्रजी व्याकरणात तर उशिरा शिकलेल्याचाच अधिक उपयोग. 'डिड' आल्यावर पुढे 'वेंट' का येत नाही, 'गो' का येते. 'बट' आणि 'पुट' यांत एकच अक्षर असून उच्चार निराळा का. मराठीत शेवटी येणारे क्रियापद इंग्रजीत मध्येच कसे येऊन बसते. या ठिकाणी ठेच लागते हे ज्याला स्वतःला ठेच लागली त्यालाच आठवते. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला तिथे दगड आहे हेच दिसत नाही.

आजच्या वाचनात आणखी एक गोष्ट आहे. त्या काळी रोमन राज्यात ग्रीक भाषा येणाऱ्याला मान होता. पवित्र आत्म्याने जमलेल्या सर्वांना एका रात्रीत ग्रीक शिकवले असते तर कारभार सोपा झाला असता. त्याने तसे केले नाही. प्रत्येकाला देवाची महत्कृत्ये आपापल्या जन्मभाषेत ऐकू आली. घरात बोलली जाणारी भाषा देवाला कमी प्रतीची वाटत नाही. मग त्याच्या लेकराला अपूर्णांक घरच्या भाषेत समजावून देण्यात कमीपणा कसला?

गोव्यात ज्यांचे पवित्र अवशेष आहेत ते संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली तिथे उतरले. त्याच वर्षी ते दक्षिणेत मोत्यांच्या किनाऱ्यावर परवा कोळी लोकांत गेले. पुढे त्यांच्याबद्दल अशा कथा पसरल्या की त्यांना न शिकता सर्व भाषा येत. त्यांनी स्वतः लिहिलेली पत्रे वेगळेच सांगतात. १५४४ सालच्या पत्रात ते लिहितात की, या लोकांची भाषा मला येत नाही आणि माझी बास्क भाषा त्यांना येत नाही. म्हणून त्यांनी दोन्हीकडचे समजणारी माणसे शोधली, त्यांच्याबरोबर बसून मोठ्या कष्टाने प्रार्थनांचे भाषांतर केले, ते तोंडपाठ केले, आणि हातात घंटा घेऊन मुलांना गोळा करत गावोगाव फिरले. शिकलेले घरी जाऊन आईवडिलांना शिकवा, असे ते मुलांना सांगत. विचार करा, एवढा मोठा संत, पॅरिस विद्यापीठात शिकलेला आणि शिकवलेला, आणि तिथल्या वाळूत बसून परक्या भाषेतले शब्द घोकतो आहे. त्यांच्याही उच्चाराला ती मुले हसली असतीलच.

मोशेची गोष्ट तर आपण सर्वजण जाणतो. जळत्या झुडपापुढे उभे राहून त्याने देवाला एकामागून एक अडचणी सांगितल्या आणि शेवटी आपल्याला नीट बोलता येत नाही हे कारण पुढे केले. तोंड कोणी निर्माण केले, असे देवाने त्याला विचारले. तरी मोशे म्हणाला, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. तेव्हा देव रागावला. मोशेच्या अडखळण्यावर देव रागावल्याचे कुठे लिहिलेले नाही; दुसऱ्याला पाठव म्हटल्यावर रागावला. आणि मग देवाने काय केले? मोशेची जीभ मोकळी करून दिली असे निर्गमाच्या पुस्तकात लिहिलेले नाही. त्याला भाऊ दिला. अहरोनाला बोलता येत होते, मोशेला काय बोलायचे ते ठाऊक होते.

आमच्या बैठकीत हाच मार्ग आम्हाला पटला. यंदा अभ्यासवर्गात एकेकट्याला उभे करायचे नाही. दोघादोघांच्या जोड्या लावायच्या. एकाचे गणित पक्के, दुसरीचे इंग्रजी बरे. ज्याला इंग्रजीची धास्ती आहे त्याने गणित, विज्ञान, मराठी घ्यावे आणि शेजारी बसून जोडीदाराचे इंग्रजी ऐकावे. वर्षअखेरीला मुलांबरोबर दादा-ताईंचेही इंग्रजी थोडे पुढे सरकलेले असेल.

याचा अर्थ तयारीशिवाय आले तरी चालते, असा कोणी घेऊ नये. फार जणांनी शिक्षक होऊ नये, कारण शिक्षकाचा न्याय अधिक कडक होतो, असे संत याकोबाने बजावले आहे, आणि ते आपल्यालाही लागू आहे. मुलाला चुकीचे शिकवले तर ते काढून टाकायला दुप्पट वेळ लागतो. जो धडा उद्या घ्यायचा तो आज रात्री घरी एकदा मोठ्याने वाचावा. अडलेला शब्द शब्दकोशात पाहावा. मोबाइलवर उच्चारही ऐकता येतो. मुलाने विचारले आणि येत नसेल तर सरळ सांगावे, "मला ठाऊक नाही, चल, दोघे शोधू." मोठ्या माणसाला सगळे येत नाही आणि तरी तो घाबरत नाही, हे पाहणे हाही त्या मुलाचा एक धडाच असतो. पण दर वेळी सगळेच शोधायचे राहिले असेल, तर दादाने तयारी केलेली नाही हे मुलाला बरोबर कळते.

या बाबतीत संत इग्नेशियस लोयोला यांची एक आठवण फार बोलकी आहे. सरदार घराण्यातला हा माणूस १५२१ साली लढाईत तोफगोळ्याने जखमी झाला, देवाकडे वळला, आणि लोकांची सेवा करायची तर शिकले पाहिजे हे ओळखून १५२४ साली बार्सिलोनात लहान मुलांबरोबर लॅटिनचे व्याकरण शिकू लागला. वय तेहतिशीच्या घरात. सोबतची मुले दहा-बारा वर्षांची असावीत. तो पाठांतराला बसला की त्याच्या मनात एकाहून एक सुंदर भक्तीचे विचार येत. प्रार्थनेच्या वेळीही येत नसत इतके गोड. शब्दरूपे मात्र डोक्यात शिरत नसत. काही दिवसांनी त्याच्या लक्षात आले की हा मोह आहे. भक्तीच्या रूपाने आलेला मोह! तेव्हा तो आपल्या गुरुजींना चर्चमध्ये घेऊन गेला आणि दोन वर्षे शिकवणीत खंड पडू देणार नाही, असे त्याने त्यांना वचन दिले. पुढे याच माणसाच्या येशूसंघाने १५४८ साली सिसिलीतील मेसिना येथे शाळा काढली आणि मग देशोदेशी शाळा-कॉलेजे उभी राहिली. अभ्यासवर्गाच्या वेळेला नेमकी रोझरी म्हणावीशी वाटते, असे एकदोघांनी आम्हाला सांगितले, त्यांच्यासाठी ही आठवण मुद्दाम दिली आहे. रोझरी आठनंतरही म्हणता येते. आम्ही सोबत म्हणू.

ज्यांना इंग्रजी उत्तम येते त्यांच्याशीही थोडे बोलायचे आहे. आपल्यात बँकेत, कार्यालयांत, शाळांत काम करणारे पुष्कळ आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. आजच्या दुसऱ्या वाचनात संत पौल सांगतो की आत्म्याची दाने वेगवेगळी आहेत आणि ती सर्वांच्या हितासाठी दिलेली असतात. कुणाचा चुकलेला उच्चार चारचौघांत दुरुस्त करणे हे काही त्या दानांच्या यादीत आढळत नाही. चूक सांगावी, जरूर सांगावी, पण बाजूला घेऊन आणि आपली स्वतःची खुर्ची त्याच्या खुर्चीशेजारी ओढून. इंग्रजी ही आपल्याकडे फार लवकर माणसाची किंमत ठरवण्याची काठी होऊन बसते. लग्नाच्या बोलणीतसुद्धा मुलाचे माध्यम कोणते हे विचारले जाते. मग मराठी शाळेत शिकलेला मुलगा चर्चमधल्या मुलांना शिकवायला बिचकला तर नवल काय? गोव्याच्या साष्टीत जवळजवळ चाळीस वर्षे राहिलेले फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज होते. त्यांचे इंग्रजी कसे होते हे आपण कधी विचारत नाही. १६१६ साली छापलेल्या त्यांच्या ख्रिस्तपुराणातल्या दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांमुळे आपण त्यांना ओळखतो. परक्याची भाषा त्यांनी कोणा गरीब साष्टीकराच्या तोंडूनच उचलली असणार.

आईवडिलांना विनंती एवढीच की, वर्गावर येणाऱ्या दादा-ताईंची घरी मुलांसमोर टिंगल करू नये. "त्यालाच कुठे येतं, तो काय शिकवणार," हे वाक्य मूल दुसऱ्या दिवशी सभागृहात जसेच्या तसे घेऊन येते. काही शंका असेल तर आमच्याशी बोलावे. आणि ज्यांना वाटते की आपण स्वतः पाचवीत शिकलेली ए, बी, सी, डी विसरून गेलो, त्यांनी मुलाला सोडायला आल्यावर मागच्या बाकावर बसायला हरकत नाही. इग्नेशियसला जागा मिळाली होती, तुम्हालाही मिळेल.

नावे देण्यासाठी वही सॅक्रिस्टीच्या बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे. नावापुढे इयत्ता आणि घ्यायचा विषय लिहावा. 'इंग्रजी' लिहायला हात धजत नसेल तर तो रकाना कोरा ठेवावा, जोडी आम्ही लावू. शिकवणाऱ्यांची पहिली बैठक पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर लगेच सभागृहात होईल. येताना घरातली पाचवी ते आठवीची जुनी पाठ्यपुस्तके, मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांची, तसेच पडून असलेले शब्दकोश सोबत आणावेत. पहिली पाने फाटली असली तरी चालतील.